कच्चे आणि पक्के : हाताने मडके घडविण्याचा पाठ

मडक्याचा दृष्टांत आला नाही असा सप्ताह विरळाच. देह म्हणजे कच्चा घडा, गुरू म्हणजे कुंभार, संसार म्हणजे आवा. हे ऐकले की श्रोते माना डोलवितात, टाळ घुमतो, आणि दृष्टांत तेथेच संपतो. परंतु न्यायशास्त्रात दृष्टांताचे लक्षण फार कडक सांगितले आहे. शिकलेला आणि न शिकलेला या दोघांची बुद्धी ज्या गोष्टीविषयी सारखी असते, तोच दृष्टांत. म्हणजे ज्या वस्तूचा दाखला द्यावयाचा ती आधी ओळखीची पाहिजे. आज नळाचे पाणी, गॅसची शेगडी आणि प्लॅस्टिकची घागर घरोघरी आल्यावर मातीची ओळख राहिली किती? म्हणून या अंकी आम्ही मातीचाच पाठ देण्याचे योजिले आहे.

कोणाला कुंभार करण्याचा आमचा हेतू नाही. ती विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, लेख वाचून येणारी नव्हे. परंतु दोन हात, घमेलेभर माती आणि तांब्याभर पाणी एवढ्यावर एक पणती, एक लोटके, पोळ्याचा एक बैल कोणासही करता येईल. भजनी मंडळातील मायबहिणींनी, शाळेच्या मुलांनी आणि चातुर्मासात गावीच असलेल्या वारकऱ्यांनी हे करून पाहावे.

चाकाआधी हात

येथे पहिली शंका अशी येते की, चाकाशिवाय मडके होते काय?

समाधान असे. खान्देशातील कोणत्याही जुन्या घरात डोकावून पाहा. चूल कोणी घातली? घरच्या बाईने, हाताने. धान्याची मातीची कोठी कोणी उभी केली? तिनेच, एकावर एक कडे चढवीत, खालचे कडे जरा आवळले की वरचे, अशी ती कमरेएवढी, कोठे डोक्याएवढी वाढविली. श्रावणी अमावास्येला ज्यांच्या घरी गुरे नाहीत त्यांच्या पाटावर पुजायला मातीची बैलजोडी असते. तिला कधी चाक लागले आहे काय? तेव्हा चाकाशिवायची विद्या आपल्या घरातच आहे. आपण तिला विद्या म्हणत नाही इतकेच.

मागे जाऊन पाहिले तरी तेच दिसते. चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी बहाळ म्हणून गाव आहे, आणि समोरच्या तीरावर टेकवाडे. १९५०च्या दशकात तेथे पुराणवस्तुखात्याने उत्खनन केले. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे येथे १९५५ साली उत्खनन झाले. प्रकाशे तेव्हा धुळे बाजूस मोडे. १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. या ठिकाणी तीन हजार वर्षांहून जुनी मातीची भांडी निघाली. दख्खनच्या त्या काळच्या वस्त्यांत नक्षीची बारीक भांडी चाकावर होत असली, तरी रांजणासारखी मोठी, जाड भांडी हातानेच घडवीत. कित्येकांच्या गळ्याभोवती मातीची पट्टी चिकटवून तीवर बोटाने ओळीने दाबलेले असते. लिपी नाही, नाव नाही. पण बोटाचा ठसा राहिला.

आणि वेदाकडे वळलो तर तेथेही हात आहे. अग्निहोत्राची दूध तापविण्याची स्थाली चाकावर फिरविलेली नसावी, असे मैत्रायणी संहितेत सांगितले आहे. प्रवर्ग्य नावाच्या कर्मात जे महावीर नावाचे पात्र लागते ते अध्वर्यू स्वतः हाताने घडवितो. तीन थरांत उभे करतो. अग्निचयनातील उखा, म्हणजे अग्नी ठेवण्याचे मातीचे पात्र, तेही असेच. तिच्या मातीत काय मिसळावे याची यादी तैत्तिरीय संहितेत दिली आहे : बारीक खडे, शेळीचे केस, जुन्या मोडक्या भांड्यांच्या खापऱ्यांचा चुरा. मग घोड्याच्या लिदीचा धूर देऊन तिला भाजावयाचे. मंत्र बाजूला ठेवले तर ही कुंभारवाड्यातलीच कृती आहे, बरं का! आजही लीद, राख आणि वाळू मिसळल्याशिवाय कुंभाराचे काम पुढे सरकत नाही. ते का, हे आता पाहू.

माती कशी निवडावी

खान्देशची जमीन काळी, कपाशीची. ओली झाली की पायाला धरते आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या मातीचे कण अतिशय बारीक. ते पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना आक्रसतात. म्हणून नुसत्या काळ्या मातीचे भांडे केले तर ते वाळता वाळताच तडकते. उलट नदीची नुसती वाळू घेतली तर ती वळतच नाही. चिकटपणा आणि रवाळपणा या दोहोंचा मेळ बसला पाहिजे.

शेताच्या वरच्या थरापेक्षा तळ्याचा किंवा नदीकाठचा गाळ बरा. गिरणा, तापी, पांझरा, बोरी, वाघूर, कोणतीही आपल्या गावची नदी चालेल. मात्र ज्याची जागा त्याला विचारून माती घ्यावी. वारुळाची माती उत्तम खरी, पण वारूळ उकरायला जाऊ नका. त्यात कोण बसला आहे ते नागपंचमीला ठाऊक असते, मग आजच का विसरावे?

माती परखण्याची सोपी रीत अशी. काचेच्या बरणीत मूठभर माती आणि वर पाणी घालून खूप हलवावे व ठेवून द्यावे. वाळू क्षणात खाली बसते, चिकण माती सावकाश वर थर धरते. दोन्ही थर डोळ्यांनी दिसतात. दुसरी रीत बोटाची. ओली माती करंगळीएवढी जाड वळून ती बोटाभोवती गुंडाळावी. न तडकता वळली तर माती कामाची. तुटली तर चिकटपणा कमी. हाताला लोण्यासारखी माखली तर वाळू कमी.

आरंभी तीन वाटे काळा गाळ आणि एक वाटा बारीक वाळू घ्यावी, वर मूठभर चाळलेली राख किंवा वाळलेली लीद. या मिश्रणाची एक पट्टी थापून तीवर बरोबर दहा बोटांची रेघ ओढावी आणि सावलीत वाळवावी. वाळल्यावर रेघ मोजावी. साधारण एक बोट कमी भरली तर ठीक; फार आखडली किंवा पट्टी वाकडी होऊन तडकली तर वाळू वाढवावी. येथे वाळूचे काम काय? ती आक्रसत नाही, म्हणून मातीच्या ओढीला आतून अडसर होतो. लीद आणि भुसा भट्टीत जळून जातात आणि बारीक छिद्रे ठेवतात. त्या छिद्रांवाटे आतली वाफ निघते.

खापर आठवा. आखाजीला आमरसाबरोबर जी पुरणाची पोळी होते, ती हातावर झेलत मोठी करून चुलीवरच्या उपड्या खापरावर टाकतात. खालून जाळ, वरून गार ओली पोळी. एवढा ताप-थंडीचा झगडा ते रोज सोसते, कारण त्याच्या अंगात वाळूचा रवा आहे आणि छिद्रे आहेत. गुळगुळीत, घट्ट, नुसत्या चिकण मातीचे खापर पहिल्याच दिवशी उभे चिरेल.

एक इशारा. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे फार. भाजताना त्यांचा कळीचा चुना होतो. भांडे भट्टीतून चांगले निघते, आपण आनंदाने फळीवर ठेवतो, आणि चार-आठ दिवसांनी हवेतला दमटपणा पिऊन तो चुना फुगतो व भांड्याचा टवका उडवितो. म्हणून माती आधी वाळवावी, कुटावी, चाळावी. मग भिजवून पुन्हा फडक्यातून गाळावी. खडा आज वेचला नाही तर तो पुढे केव्हातरी बोलतोच.

मुरविणे आणि मळणे

गाळलेली माती ओल्या पोत्याखाली निदान एक रात्र, जमल्यास आठ दिवस मुरत ठेवावी. आंबूस वास आला तर भिऊ नये. अशी माती जास्त वळते. नंतर ती तुडवावी, थोडी असेल तर कणीक तिंबतात तशी पाटावर मळावी. मळलेला गोळा दोऱ्याने मधोमध कापून पाहावा. कापलेल्या अंगावर भोके दिसली तर पुन्हा मळावे; एकसारखी, घट्ट, चकचकीत दिसली तर झाली.

हा भाग कंटाळवाणा आहे, आणि नव्या माणसाला तो टाळावासा वाटतो. हात केव्हा आकार करतील अशी घाई असते. पण पुढे जे जे फुटते त्यातले अर्धे या ठिकाणीच फुटलेले असते. तेरचे गोरोबाकाका माती तुडविताना नामात इतके रंगले की पायाखाली लेकरू आले हेही त्यांना कळले नाही, ही कथा आपण सारे जाणतो. कथेचा भक्तिभाव सर्वांना ठाऊक आहे. आम्ही एवढेच लक्षात आणून देतो की गोरोबाकाकांची तल्लीनता लागली ती चाकावर सुंदर आकार काढताना नव्हे. चिखल तुडविण्याच्या, कोणी न पाहणाऱ्या कामात लागली.

हातघडणीच्या तीन रीती

पहिली रीत वाटीची. मोसंबीएवढा गोळा डाव्या तळहातावर घ्यावा. उजव्या हाताचा अंगठा मधोमध रोवावा, पण तळाशी करंगळीइतकी जाडी शिल्लक ठेवावी. आता पुरण भरण्यासाठी कणकेच्या गोळ्याची वाटी करतात तशी, अंगठा आत आणि बोटे बाहेर, चिमटीत दाबीत दाबीत गोळा फिरवावा. दाबणे बुडापासून सुरू करावे व हळूहळू काठाकडे यावे. काठ शेवटपर्यंत जाडच राहू द्यावा, नाहीतर तो आधी वाळून चिरतो. बारीक चीर दिसली तर ओल्या बोटाने पुसावी. परंतु पाणी फार वापरू नये. नवशिक्याचा हात सारखा पाण्यात जातो. माती ढिली पडते, मग वाटी बसते. एका बाजूने चिमटून चोच काढली की पणती झाली.

अशा दोन सारख्या वाट्या काठाला काठ लावून जोडल्या की पोकळ गोल होतो. वरून तोंड कापले की लहानसा गडू. पाठशाळेत न्याय शिकणाऱ्या मुलाला घोकावे लागते की, घटाचे समवायी कारण म्हणजे दोन कपाले, आणि त्या कपालांचा संयोग हे असमवायी कारण. दंड, चक्र, कुलाल ही निमित्ते. चाकावरचे मडके एकाच गोळ्यातून उठताना पाहिले की मुलाला प्रश्न पडतो, ही दोन कपाले आली कोठून? त्याला या दोन वाट्या जोडून दाखवाव्या. शास्त्राचे वाक्य तळहातावर दिसते.

दुसरी रीत वळीची. तळासाठी हाताने एक चकती थापावी. मग बोटाएवढ्या जाड वळ्या वळाव्या. दिव्याची वात वळताना जसा हात हलका ठेवतो तसाच ठेवावा, दाबला की वळी चपटी होते. चकतीच्या कडेवर पहिली वळी कड्यासारखी बसवावी आणि आतल्या अंगाने अंगठ्याने तिची माती खाली ओढून तळाशी एकजीव करावी. मग दुसरी, तिसरी. भांडे रुंदावयाचे असेल तर वरची वळी किंचित बाहेर, आवळावयाचे असेल तर किंचित आत. तीन-चार वळ्या झाल्या की थांबावे. खालचे अंग जरा आवळू द्यावे. वरच्या काठावर मात्र ओले फडके ठेवावे, कारण पुढची वळी ओल्यावरच बसते. जी बाई कोठीचे कडे चढवून घरकामाला लागे आणि तिसऱ्या प्रहरी पुढचे चढवी, ती हेच करीत होती.

तिसरी रीत थापीची. पाटावर राख किंवा गोणपाट पसरून त्यावर माती भाकरीसारखी थापावी, पण जाडी सगळीकडे सारखी ठेवावी. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या काठ्या ठेवून वरून लाटणे फिरविले तर सोपे जाते. पट्टी किंचित निबरली, उचलताना लोंबत नाही अशी झाली, की कापून जोडावी. पोळ्याच्या बैलाचे पोट असे पट्टी वळून पोकळ करतात. भरीव केले तर शिंगे आणि कान दुसऱ्या दिवशी वाळतात, पोट आठवडाभर ओले राहते, आणि त्या ओढाताणीत पाय गळतात. पोकळ पोटाला खाली काडीने एक छिद्र अवश्य ठेवावे.

तिन्ही रीतींना एक नियम सारखा. जोड द्यावयाचा तर दोन्ही कडांवर काडीने चरे पाडावे, मातीची पातळ राबडी लावावी, दाबावे, आणि सांध्यावर बारीक वळी भरून पुसून घ्यावे. ओल्याला ओले जुळते. एक ओले, एक वाळलेले असे वरून कितीही लिंपले तरी वाळताना ते सुटणारच.

थापटणे

आता कुंभाराचे घर पाहा. चाकावरून तो जे मडके उतरवितो ते पुरे झालेले नसते; अंगाने जाड, पोटाने लहान, बुडाला कच्चे असते. ते काही काळ निबरू देऊन तो मांडीवर घेतो. आतून एका हाताने दगडाचा किंवा भाजक्या मातीचा गुळगुळीत गोळा धरतो आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकीत जातो. ठोक्यागणिक माती पातळ आणि घट्ट होते, पोट वाढते, बूड गोल होते. म्हणजे चाकाने आरंभ केला तरी मडके पुरे होते ते हातानेच. घरी आपल्या लोटक्याला हे करून पाहावे. लाकडी उलथन्याची पाठ आणि गुळगुळीत दगड पुरे. आतला आधार बाहेरच्या ठोक्याच्या अगदी समोर पाहिजे. आधार चुकला की ठोका भांड्यातून आरपार जातो.

हेच थापटणे घेऊन गोरोबाकाकांनी संतांची परीक्षा केली. मुक्ताबाईंनी विचारले, काका, हे काय? काका म्हणाले, याने कच्चे-पक्के कळते. मग म्हणाल्या, आम्हां सर्वांना पाहा. सर्व संत शांत बसले. नामदेवराय मात्र ठोका बसताच कुरकुरले, आणि काकांनी निवाडा दिला की हे मडके कच्चे. कथा एवढीच आहे. तिचा विचार शेवटी करू. आधी भांडे भाजून घेऊ.

वाळविणे आणि भाजणे

वाळविण्याला ऊन नको, वारा नको, सावली हवी. जळगाव-भुसावळकडे वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. त्या झळईत ठेवलेले भांडे एका बाजूने वाळून वाकते. श्रावणात उलट, वाळतच नाही. म्हणून पोळ्याचे बैल करावयाचे तर चार दिवस आधीपासून हाताशी ठेवावे. शिकायला कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. भांडे उपडे ठेवावे, रोज बाजू बदलावी, सात-आठ दिवस द्यावे. वाळले की नाही हे डोळ्यांना कळत नाही. भांडे गालाला लावावे. गार लागले तर आत अजून ओल आहे.

भाजण्यासाठी घरापासून, गोठ्यापासून, कडब्याच्या गंजीपासून दूर जागा घ्यावी. वीतभर खोल खड्डा, तळाशी गोवऱ्या, त्यांवर भांडी उपडी, मध्ये भुसा, वर व भोवती पुन्हा गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या, आणि सर्वांवर फुटक्या खापऱ्या व राख. रचण्याआधी भांडी तासभर दुसऱ्या विस्तवाच्या शेजारी कोमट करून घ्यावी. एका कडेने पेटवावे, भडका होऊ देऊ नये. धीमा ताप आधी, मोठा मागाहून. आत ओल राहिली असेल तर तिची वाफ होते आणि भांडे फट्‌ करून उडते. दुसऱ्या दिवशी सर्व राख गार होईपर्यंत उकरू नये. गरम भांड्याला गार वारा लागला की हाती आलेले जाते.

आत काय घडते? शंभर अंशांपर्यंत उरलेसुरले पाणी जाते. पण मातीच्या कणांच्या घडणीतच एक बांधलेले पाणी असते, ते सुमारे ५०० ते ६०० अंशांच्या तापाला सुटते. गोवऱ्यांचा आवा ६०० ते ८०० अंशांपर्यंत जातो. ते पाणी एकदा गेले की माती ही माती राहत नाही; पुन्हा भिजवून तिचा चिखल कधीच होत नाही. मोकळी हवा मिळाली तर मातीतले लोह लाल होते, म्हणून काळ्या गाळाचे मडके लाल निघते. राखेने आवा कोंडला, हवा बंद केली, तर ते काळे निघते. भांडे बोटाने वाजवून पाहावे. खणखणीत बोलले तर पक्के, बद्द बोलले तर कोठेतरी चीर किंवा कच्चेपण आहे. पणती वापरण्याआधी पाण्यात बुडवून ठेवावी, म्हणजे ती तेल कमी पिते.

पहिल्या खेपेला दहांतली चार भांडी फुटली तरी वाईट वाटून घेऊ नये. आणि हे एकदा केल्यावर बाजारात कुंभाराच्या माठाला टिचक्या मारून पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करण्याचे मन होत नाही, हाही या पाठाचा एक लाभ आहे.

कच्चे म्हणजे काय?

आता मागे ठेवलेला विचार. आपल्या बोलण्यात ‘कच्चे मडके’ ही शिवी झाली आहे. दिंडीत नवा पोरगा येतो. उत्साहात माळ घालतो, दोन वर्षे नीट चालतो, तिसऱ्या वर्षी पाय घसरतो, माळ उतरते. जाणते म्हणतात, ‘सोडा हो त्याला, कच्चं मडकं आहे!’ आणि त्याच्या घरचा वारीचा रस्ता तेथे बंद होतो. असे घडताना आम्ही अनेक गावी पाहिले आहे. म्हणून हातात माती घेतलेल्या माणसाने सांगावे की कच्चे म्हणजे काय.

ज्याने वरील पाठ केला त्याला तीन गोष्टी दिसल्या असतील.

एक. कच्चे भांडे पाणी धरीत नाही, हे खरे. पण ते फुटले तर काही गेले नाही. पाण्यात टाका, माती होते. मळा, पुन्हा भांडे होते. पक्के भांडे फुटले तर मात्र त्याची माती होत नाही. म्हणजे सुधारण्याची वाट कच्च्यालाच मोकळी आहे. कच्चेपण हा दोष नव्हे, ती एक अवस्था आहे, आणि कोणतेही भांडे तिच्यातून गेल्याशिवाय आव्यात चढत नाही.

दोन. थापटणे एकच आहे. पक्क्यावर ते पडते तेव्हा परीक्षा होते. कच्च्यावर पडते तेव्हा घडण होते. नामदेवराय कच्चे ठरले म्हणून काकांनी त्यांना फेकले नाही. ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि तेथे पक्के झाले. ठोका मारणाऱ्याने एवढेच पाहावे की आपला दुसरा हात आतून आधाराला आहे की नाही. तो नसेल तर तो ठोका घडण करीत नाही, भोक पाडतो.

तीन, आणि ही आमच्या खान्देशाजवळची गोष्ट. नामदेवांना पक्के करणारे हे विसोबा कोण? परंपरा सांगते की आळंदीचे विसोबा चाटी ते हेच. मुक्ताबाईंना मांडे करावयाचे होते, आणि त्यांना कोणी खापर देऊ नये अशी ताकीद कुंभारांना याच विसोबांनी दिली होती. ज्ञानोबांनी जठराग्नी चेतवून आपली पाठ तापविली आणि त्या पाठीवर मांडे भाजले गेले. ते पाहून विसोबा विरघळले. म्हणजे ज्याने खापर अडविले, तोही तेव्हा कच्चाच होता. त्याला त्या चौघा भावंडांनी कच्चा म्हणून दारातून हाकलले असते, तर पुढे नामदेवांना भाजणारा आवा कोठून आला असता?

ज्या मुक्ताबाईंना एक खापर मिळू दिले नाही, त्या अखेर तापीकाठी आल्या. मेहूण-कोथळीच्या परिसरात त्यांचे स्थान; पूर्वीचे एदलाबाद आज त्यांच्याच नावाने मुक्ताईनगर म्हणून ओळखले जाते, आणि तेथून त्यांची पालखी दर आषाढीला लांबची वाट चालून पंढरीस जाते. त्याच मुलखात आज सणावारी घरोघर खापरावर पोळ्या भाजतात. यापरते खापराचे भाग्य काय सांगावे!

शेवटची शंका. कच्च्याला पुन्हा माती होता येते; पण आम्ही जुने, वाळलेले, भाजलेले, आणि त्यातही कोठे टवका उडालेले, आमचे काय? याचे समाधान वर उखेच्या कृतीत येऊन गेले आहे. फुटक्या खापऱ्यांचा चुरा करून तो नव्या मातीत मिसळतात. खापरीची माती होत नाही हे खरे, पण दळून बारीक झाली तर तीच नव्या मातीला आतून धरते, तडकू देत नाही. अखंड राहिली आणि वरून पडली तर कच्च्याला फोडते. दळली आणि आत मिसळली तर कच्च्याला तारते. दिंडीतल्या जाणत्यांनी यांतले कोणते व्हावयाचे, ते ज्याचे त्याने ठरवावे. यंदाच्या कार्तिकात मात्र देवापुढची पणती स्वतःच्या हाताने करावी, आणि जो पोरगा वारीतून गळला आहे त्याला माती मळायला शेजारी बसवावे.

॥ रामकृष्णहरी ॥